‘रिफंडेबल टॅक्स क्रेडिट’ला ‘परतफेडयोग्य करसवलत’ म्हणावे काय?

विचारणा अशी आहे : अमेरिकेतील करव्यवस्थेवरच्या एका मजकुराचा मराठी अनुवाद तपासताना प्रश्नकर्त्यांना पुढील वाक्य आढळले – ‘अमेरिकेतील घुसखोरांनी परतफेडयोग्य करसवलतींच्या माध्यमातून एका वर्षात ४.२ अब्ज डॉलरचा कर बुडवला.’ यातील ‘परतफेडयोग्य करसवलत’ हा ‘रिफंडेबल टॅक्स क्रेडिट’चा अनुवाद योग्य आहे का, आणि नसल्यास कोणता शब्द वापरावा, एवढेच त्यांनी विचारले आहे. माझे उत्तर ‘योग्य नाही’ असे आहे. मात्र या वाक्यातील ‘घुसखोर’ आणि ‘बुडवला’ हे शब्दही वाचकाला तितकेच भलतीकडे नेतात, त्यामुळे एक शब्द बदलून बाकीचे वाक्य तसेच ठेवता येणार नाही.

प्रथम ‘परतफेड’. मराठीत परतफेड ऋणको करतो. कर्जाची परतफेड, उपकाराची परतफेड या सर्व प्रयोगांत घेणाऱ्याने पुढे कधीतरी परत द्यायचे असते. ‘परतफेडयोग्य’ रक्कम म्हणजे ज्याला ती मिळाली त्याने फेडावयाची रक्कम, असाच अर्थ मराठी वाचक लावील. येथे वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, कारण ही रक्कम सरकार करदात्याला देते आणि ती परत मागत नाही. अनुवादकाने ‘रिफंड’साठी कोशातला पहिला शब्द उचलला असावा.

मग ‘परतावायोग्य’ म्हणावे का? ते थोडे बरे, पण पुरेसे नाही. ‘परतावा’ या शब्दावर आधीच बरेच ओझे आहे : गुंतवणुकीवरील परतावा वेगळा, प्राप्तिकराचा परतावा वेगळा, आणि घाईने केलेल्या अनुवादांत तर ‘रिटर्न’ म्हणजे विवरणपत्रदेखील ‘परतावा’ होऊन बसते. त्याहून महत्त्वाचे असे की परताव्यात ‘माझे गेले होते ते मला परत आले’ ही कल्पना गृहीत असते. मालकाने पगारातून जास्त करकपात केली आणि ती वर्षअखेरीस परत मिळाली, तर तो खरा परतावा. रिफंडेबल टॅक्स क्रेडिटमध्ये हाती येणारी रक्कम त्या माणसाने प्राप्तिकर म्हणून कधी भरलेलीच नसू शकते.

यासाठी मूळ संकल्पना पाहू. आपल्याकडे १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-सी सर्वांच्या परिचयाचे होते. भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते इत्यादींपोटी दीड लाख रुपयांपर्यंतची रक्कम त्याखाली उत्पन्नातून वजा होई आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागे. ही ‘वजावट’. तिच्यामुळे कर किती वाचेल हे करदाता कोणत्या टप्प्यात येतो यावर अवलंबून असते. त्याच कायद्यातील कलम ८७-ए मधली ‘रिबेट’ मात्र उत्पन्नातून नव्हे तर आकारलेल्या करातूनच वजा होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर ६० हजारांपर्यंतची ही सूट मिळून कर शून्यावर येतो. पण शून्यावर आला की थांबतो. अमेरिकेतील ‘क्रेडिट’ हे या दुसऱ्या जातीचे आहे आणि त्यातील ‘रिफंडेबल’ उपजात शून्याच्याही खाली उतरते. सोपा, कल्पित हिशेब घ्यावयाचा तर ज्याचा कर ९०० डॉलर आहे आणि क्रेडिट १,५०० डॉलर आहे, त्याचा कर तर मिटतोच, शिवाय उरलेले ६०० डॉलर सरकार त्याच्या हातात ठेवते. क्रेडिट रिफंडेबल नसेल तर हे ६०० डॉलर बुडाले. आपल्या प्राप्तिकरात याला समांतर काही नाही, म्हणून शब्दही तयार नाही.

त्यातच ‘टॅक्स क्रेडिट’ हा शब्द आपल्याकडे वेगळ्याच अर्थाने रुळला आहे. पगारातून कापलेल्या कराची नोंद तपासण्यासाठी फॉर्म २६-एएस पाहणारा नोकरदार किंवा वस्तू व सेवा कराचे ‘इनपुट क्रेडिट’ मिळाले नाही म्हणून पुरवठादाराशी वाद घालणारा व्यापारी, या दोघांच्या लेखी क्रेडिट म्हणजे ‘आधी भरलेल्या कराची माझ्या नावावरची नोंद’. असा वाचक ‘टॅक्स क्रेडिट’ देवनागरीत तसेच ठेवलेले वाचून मूळ अर्थापर्यंत पोहोचेलच असे नाही, त्यामुळे ‘शब्द जसाच्या तसा ठेवा’ हा सोपा उपाय येथे फारसा उपयोगाचा नाही.

‘सवलत’ मला नको वाटते. एसटीच्या भाड्यात सवलत असते, वीजबिलात असते. सवलत फार तर देणे कमी करते, देणेकऱ्याला घेणेकरी करत नाही. आपल्या महसुली भाषेने या बाबतीत फार बारीक भेद जपले होते. दुष्काळात शेतसाऱ्याची ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढे ढकलणे, ‘सूट’ म्हणजे साऱ्याचा काही भाग सोडून देणे, आणि ‘तगाई’ म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेली, पण पुढे फेडावयाची रक्कम. सुटीत पैसा शेतकऱ्याकडे येत नाही, तगाईत येतो पण परत जातो. सरकारकडून येणारा आणि परत न जाणारा पैसा म्हणजे ‘अनुदान’. रिफंडेबल क्रेडिटचा शून्याखालचा भाग अर्थाने अनुदानच आहे, फक्त तो करविवरणपत्राच्या वाटेने येतो.

‘क्रेडिट’ला मराठीत पत, उधार, श्रेय, श्रेयांक असे निरनिराळे शब्द आहेत आणि पतसंस्थेपासून विद्यापीठापर्यंत ते आपापल्या जागी चालतात. पण हिशेबाच्या वहीत नावे आणि जमा याच दोन बाजू आहेत, आणि येथे वहीचाच संबंध आहे. करदात्याच्या खाती सरकारने जमा धरलेली आणि देय करात वळती होणारी रक्कम ती ‘करजमा’, असा शब्द मी सुचवीन. ‘रिफंडेबल’साठी ‘शेषदेय’ असे काही घडवता येईल, पण असे जोडशब्द राजपत्राबाहेर फारसे जगत नाहीत. त्यापेक्षा पहिल्या उल्लेखात ‘करात वळती होऊन उरलेली रक्कम हाती मिळते अशी करजमा’ असे सविस्तर लिहून पुढे नुसते ‘करजमा’ वापरावे. ‘करजमा’ हा शब्द ‘करसंकलन’ या अर्थाने वाचला जाईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो धोका आहे, हे मान्य. पहिल्या उल्लेखातील स्पष्टीकरणाने तो टळावा.

आता ‘बुडवला’. ४.२ अब्ज डॉलरचा आकडा अमेरिकेच्या ट्रेझरी खात्यातील करप्रशासन महानिरीक्षकांच्या २०११च्या अहवालातून आलेला आहे. तेथील करखात्याने, म्हणजे आयआरएसने, २०१०मध्ये हाताळलेल्या विवरणपत्रांवरून काम करण्याचा परवाना नसलेल्या व्यक्तींना एवढ्या रकमेच्या रिफंडेबल करजमा दिल्या, असे तो सांगतो. २००५मध्ये हीच रक्कम ९२.४ कोटी डॉलर होती. म्हणजे येथे कोणी कर चुकवला अशी तक्रार नव्हती. ज्यांनी विवरणपत्र भरले त्यांनाच ही रक्कम मिळाली, आणि करचुकव्या माणूस तर विवरणपत्रापासून चार हात दूर राहतो.

हे घडले कसे, ते पाहिले की क्रियापद कोणते वापरावे हेही उमगते. ज्यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक (नागरिकांना आणि कामाचा परवाना असलेल्यांना सरकार देते तो क्रमांक) मिळू शकत नाही अशांनाही उत्पन्नावर कर भरणे बंधनकारकच असल्यामुळे, आयआरएसने १९९६मध्ये ‘आयटिन’ हा नऊ आकडी करदाता क्रमांक सुरू केला. तो देताना माणसाचा देशातील मुक्काम वैध आहे की नाही हे पाहिले जात नाही. १९७५पासून चालू असलेली ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ ही अल्प उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांसाठीची करजमा १९९६च्याच कायद्याने सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना बंद झाली. मुलांपोटी मिळणाऱ्या करजमेला, म्हणजे ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’च्या रिफंडेबल भागाला, मात्र तशी अट घातली गेली नाही, आणि ती नाकारण्याचा पुरेसा अधिकार कायदा आपल्याला देत नाही, अशी आयआरएसची भूमिका होती. अशा स्थितीत पालकांनी करजमा ‘घेतली’ किंवा त्यांना ती ‘मिळाली’ असेच लिहावे लागेल. ‘लाटली’, ‘उपटली’ ही क्रियापदे येथे आरोप करतात, आणि आरोपाला आधार हवा.

तो आधार असलेले प्रकरणही आहे, पण वेगळे. महानिरीक्षकांच्या २०१२च्या अहवालानुसार आयटिन क्रमांकधारकांचे २३,९९४ परतावे, एकूण सुमारे ४.६४ कोटी डॉलर, अटलांटा शहरातील एकाच पत्त्यावर पाठवले गेले होते. संशयास्पद अर्ज शोधण्यापासून वरिष्ठ आपल्याला परावृत्त करतात, अशी करखात्याच्याच कर्मचाऱ्यांची तक्रार त्या चौकशीच्या मुळाशी होती. या ठिकाणी मराठीतले दोन शब्द नेटके उपयोगी पडतात. पहिल्या प्रकरणात कायद्यात ‘पळवाट’ होती, किंबहुना वाटेवर फाटकच नव्हते. दुसऱ्यात फाटक होते, पण राखणीत ‘ढिलाई’ होती. पळवाट संसदेने बुजवायची असते आणि ढिलाई खात्याने झटकायची असते. दोन्हींना सरसकट ‘घोटाळा’ म्हटले की जबाबदारी कोणाची हेच समजेनासे होते.

याच संदर्भात ‘टॅक्स एन्फोर्समेंट’चाही प्रश्न येतो. ईडीला आपण ‘सक्तवसुली संचालनालय’ म्हणत असल्याने एन्फोर्समेंट म्हटले की आपल्याला वसुलीच सुचते, आणि येथे तर वसूल करण्याजोगे काही उरलेलेच नव्हते. उणीव होती ती रक्कम देण्यापूर्वीच्या ‘पडताळणी’त. ‘अंमलबजावणी’ हा व्यापक शब्द चालेल, पण तो कर कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल आहे की स्थलांतर कायद्याच्या, हे प्रत्येक वेळी सांगावे. एप्रिल २०२५मध्ये ट्रेझरी आणि अंतर्गत सुरक्षा या दोन खात्यांत करदात्यांची माहिती देण्याबाबत समझोता होऊन या दोन अंमलबजावण्या एकमेकींत अडकल्यापासून तर हा खुलासा अधिकच गरजेचा झाला आहे.

राहिला ‘घुसखोर’. घुसखोर म्हणजे सीमा चोरून ओलांडून आत आलेला. ज्यांची येथे चर्चा आहे त्यांतील अनेक जण रीतसर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर तेथेच राहिले. त्यांनी घुसखोरी केलेली नाही, मुक्काम वाढवला आहे. ‘बेकायदा स्थलांतरित’ हा रूढ शब्द त्यांनाही लागू पडतो, पण ‘बेकायदा’ हे विशेषण मुक्कामाला लागावे की माणसाला, याबद्दल दुमत आहे आणि मी पहिल्या बाजूचा आहे. ‘कागदपत्रांविना राहणारे’ हा ‘अनडॉक्युमेंटेड’चा शब्दशः अनुवाद वाचकाला फसवतो. पारपत्र, भाडेकरार, करविवरणपत्रे असे कितीतरी कागद या लोकांकडे असतात, नसतो तो एकच. मला ‘अनधिकृत’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, त्याला आपल्या महापालिकांचा एक दाखलाही आहे.

अनधिकृत बांधकामालाही आपल्याकडे घरपट्टी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-क खाली तर तिच्या दुप्पट शास्ती आकारता येते (पिंपरी-चिंचवडमध्ये ‘शास्तीकर’ हा शब्द कित्येक निवडणुकांत गाजला), आणि अशी आकारणी झाली म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानू नये, हेही तेच कलम सांगते. तरीही माणसे घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवतात, कारण पुढेमागे नियमितीकरण झालेच तर त्या दाखवता येतील. आयटिनवर विवरणपत्रे भरणाऱ्या अनेकांचा हिशेब हाच असतो. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे अशा स्थलांतरितांनी २०२२मध्ये केंद्रीय, राज्य आणि स्थानिक मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. दुसऱ्याच्या किंवा खोट्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर राबणाऱ्यांच्या पगाराची नोंद, नाव आणि क्रमांक जुळत नाहीत म्हणून, सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये पडून राहते. जमाखर्चाच्या मराठीत याला ‘उचंत खाते’ असा नेमका शब्द आहे, तो अनुवादकांनी विसरू नये.

आणखी एक खबरदारी. ‘आयटिनधारक’ म्हणजे ‘अनधिकृत स्थलांतरित’ असे समीकरण मांडू नये. एच-वन-बी व्हिसावरील नोकरदाराची एच-फोर या जोडीदार-मुलांसाठीच्या व्हिसावर आलेली, काम करण्याचा परवाना नसलेली पत्नी आणि भारतात जन्मलेली मुले यांच्याकडेही आयटिनच असतो, आणि अशी मराठी कुटुंबे न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आहेत. २०१७च्या कायद्याने मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक असण्याची अट घातली तेव्हा या पूर्णतः वैध कुटुंबांचीही त्या मुलांपोटीची २,००० डॉलरपर्यंतची करजमा गेली आणि ५०० डॉलरची वेगळी, रिफंडेबल नसलेली करजमा तेवढी उरली. २०२५च्या कायद्याने मुलाबरोबर किमान एका पालकालाही तो क्रमांक असण्याची अट घातली आहे. म्हणून काळही सांभाळावा लागेल : २०१०बद्दल लिहिताना ‘मिळत असे’ लिहावे, ‘मिळते’ नव्हे.

तेव्हा विचारलेले वाक्य मी असे लिहीन : ‘अमेरिकेत काम करण्याचा परवाना नसलेल्या करदात्यांना, करात वळती होऊन उरलेली रक्कम हाती मिळते अशा करजमांपोटी, २०१०मध्ये ४.२ अब्ज डॉलर दिले गेले, असे ट्रेझरी खात्याच्या करप्रशासन महानिरीक्षकांनी २०११मध्ये नोंदवले.’ मूळ वाक्यापेक्षा हे दुपटीने लांब आहे, आणि मथळ्यात ते मावणार नाही. मथळ्यासाठी ‘परवाना नसलेल्यांना ४.२ अब्ज डॉलरची करजमा’ एवढे पुरे.