तुपातला सी-४ गेला कुठे?

प्रश्न: सर, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका खाजगी लॅबमध्ये जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बसतो. गाईच्या तुपाचं सॅम्पल आलंय, पार्टी ओळखीची आणि खात्रीची आहे, तरी ब्युटिरिक ॲसिड (चार कार्बनचं फॅटी ॲसिड, म्हणून सी-४) एक टक्कासुद्धा दिसत नाही. मिथेनॉलिक अल्कलीने सॅपोनिफाय करतो (चरबी फोडून साबण करतो), मग एस्टर करायला बीएफ-३ (बोरॉन ट्रायफ्लोराइड) टाकून उकळतो, हेक्झेनमध्ये काढतो, वॉटर बाथवर नायट्रोजन सोडून कोरडं करतो आणि परत १ मिली हेक्झेनमध्ये घेऊन इंजेक्ट करतो. पाम, सोयाबीन, मोहरी सगळ्याला हेच चालतं. सिनियर म्हणतात भेसळ लिहून टाक. लिहू का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर: अजिबात नको, निदान एवढ्यावर तरी नको. भेसळ असेलही, पण तुमच्या पद्धतीत शुद्ध तुपाचाही सी-४ जाणारच.

आपण तेलाचे मिथाइल एस्टर (फॅटी ॲसिड मिथेनॉलशी जोडून केलेलं हलकं रूप) का करतो, तर अख्खं ट्रायग्लिसराइड (तीन फॅटी ॲसिड जोडलेला चरबीचा रेणू) जड असतं, आपल्या नेहमीच्या पोलर कॉलममधून ते धड निघत नाही. पामिटिक, ओलेइकचे एस्टर तीनशे डिग्रीच्या वर उकळणारे, त्यांना बाथवर ठेवा नाहीतर विसरून जा, ते कुठे जात नाहीत. ब्युटिरिकचा मिथाइल एस्टर मात्र १०२ डिग्रीला उकळतो आणि हेक्झेन ६९ ला, म्हणजे तुम्ही नायट्रोजन सोडून हेक्झेन उडवताय तेव्हा तोही सोबत चाललाय. त्यात तो पाण्यात थोडा विरघळतो, म्हणून बीएफ-३ नंतर साधं पाणी घातलं की काही तिकडेच राहतो (मिठाचं संपृक्त पाणी घाला, फरक पडतो). सोयाबीनमध्ये सी-४ नसतोच, त्यामुळे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता खरी मजा पॅटर्नमध्ये आहे. तुमचा क्रोमॅटोग्राम (जीसीचा आलेख) परत उघडा आणि सी-४, सी-६, सी-८, सी-१० एका रांगेत बघा. उडून गेलं असेल तर सी-४ सगळ्यात जास्त घटलेला, सी-६ त्याहून कमी घटलेला, सी-८ थोडासा आणि सी-१० जवळपास जागेवर, अशी उतरंड दिसेल. पाम किंवा वनस्पती मिसळलं असेल तर हे चौघेही साधारण एकाच प्रमाणात खाली येतात, सी-१४ पण येतो, आणि पाम असेल तर सी-१६ वर चढतो. सी-१२ फुगला तर खोबरेल किंवा पाम कर्नेलकडे बघा. सिनियरला हा कागद दाखवा, वाद घालत बसू नका.

नवीन सॅम्पल असं करा. पूर्ण वितळवलेलं तूप १०० मिग्रॅ, स्क्रू कॅपच्या ट्यूबमध्ये, २ मिली हेप्टेन, त्यात २ नॉर्मल मिथेनॉलिक केओएच (मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ०.२ मिली, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या, वरचा थर थेट व्हायलमध्ये. उकळणं नाही, कोरडं करणं तर नाहीच. केओएच बनवताना ११.२ नाही, साधारण १३ ग्रॅम घ्या १०० मिलीला, कारण पेलेट ८५ टक्क्यांच्या आसपासच असतात, आणि आपल्याकडे जुलैमध्ये डबा उघडा राहिला की तेवढेही राहत नाहीत. ओलावा आला की एस्टरऐवजी साबण होतो. ही थंड पद्धत फ्री फॅटी ॲसिडला एस्टर करत नाही, म्हणून खवट तेल किंवा कच्चं राइस ब्रान आलं तर तिथे तुमचं बीएफ-३ च बरं, तुपाला मात्र हेच.

ओव्हन कमी तापमानावर सुरू करा, नाहीतर सी-४ सॉल्व्हंटच्या पीकमध्ये बुडेल. एफआयडी (जीसीचा ज्योतीवर चालणारा डिटेक्टर) कार्बोनिलचा, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला, कार्बन मोजत नाही, त्यामुळे सी-४ ला सी-१८ च्या तुलनेत १.५४ चा फॅक्टर लागतो, नुसता एरिया परसेंट दिला तर तो कमीच दिसणार. आणि इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी सॅम्पलमध्ये मोजून घातलेला पदार्थ) म्हणून फक्त सी-११ घालत असाल तर त्याने सी-४ उडालेला कळत नाही, कारण सी-११ स्वतः उडत नाही. ट्रायव्हॅलेरिन, म्हणजे सी-५ चं ट्रायग्लिसराइड घ्या. रिफाइंड सूर्यफुलात मोजून ट्रायब्युटिरिन (सी-४ चं ट्रायग्लिसराइड) घालून अख्खी प्रोसेस एकदा जुन्या पद्धतीने, एकदा नव्याने करा, किती परत मिळालं ते दिसेल. भेसळीचं म्हणाल तर बीटा-सिटोस्टेरॉल (वनस्पती तेलातलं स्टेरॉल) बघितल्याशिवाय वनस्पती तेलाबद्दल सही करू नका, गाईचं खाणं आणि मोसम बदलला तरी फॅटी ॲसिड हलतात.

प्रश्न: घरचं तूप तपासायला द्यायचंय, वरचं दोन चमचे काढून दिलं तर चालेल का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: नाही चालणार. रवाळ तुपात वर सुटलेल्या पातळ भागात ओलेइक जास्त, आणि खाली बसलेल्या रव्यात पामिटिक, स्टिअरिक जास्त, त्यामुळे दोन चमच्यांचा रिपोर्ट डब्याचा नसतो. अख्खी बरणी गरम पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, नीट ढवळा, मग त्यातून कोरड्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून द्या, म्हणजे आत हवा राहत नाही. लॅबवाले परत वितळवतीलच, तरी विचारून घ्या.