पहिला शोधनिबंध वाचण्यापूर्वी

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील चर्चासत्रासाठी तुम्ही ‘मराठी व्याकरणाचा इतिहास’ हा विषय कळवला आहे. वीस मिनिटांत तो मावणार नाही, म्हणून तो आधी आवळा. विल्यम कॅरी यांचे १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलेले व्याकरण परक्यांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिले गेले, तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणासमोर मराठी घरातलाच विद्यार्थी होता. वाचक बदलला की विभक्तीची मांडणी कशी बदलते, एवढे एकच तुम्ही दोन्ही ग्रंथांतील उतारे शेजारी ठेवून दाखवलेत, तरी भाषाशिक्षणाचे अभ्यासक आणि इतिहासाचे अभ्यासक दोघेही कान देऊन ऐकतील.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा आधार घेताना १८३१ ची आवृत्ती की १८५७ ची, हे न विसरता नोंदवा. नंतरच्या आवृत्तीवरून आधीच्या काळाबद्दल विधान केले, की प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यावरच वर होतो, आणि तो रास्तच असतो. शक्य तिथे एशियाटिक सोसायटीत किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मूळ प्रत उपलब्ध आहे का, याची चौकशी करून प्रस्तावनाही वाचा, कारण ग्रंथ कोणासाठी लिहिला हे बहुधा तिथेच सापडते.

उताऱ्यांच्या छापील प्रती सोबत न्या. पडद्यावरचे जुने टंक मागच्या रांगेतून वाचता येत नाहीत, आणि वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर येते.