धक्क्यावरची प्रश्नोत्तरे : कुणाच्या जागेवर चाललाय मुलगा?

प्रश्न : काका, आम्ही मांद्र्याचे. मुलगा हॉटेलचा कोर्स करून दोन वर्षं कळंगुटला किचनमध्ये काम करतोय. आता एजंटाकडून त्याला इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये चालणाऱ्या फेरीवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाचा कॉल आलाय, चार महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. घरात सगळे खूश होते. पण शेजारचे एक जुने तारवटी (बोटीवर नोकरी केलेले) म्हणाले, ‘त्या फेऱ्यांवरच्या लोकांना एका दिवसात घरी पाठवून स्वस्तातली माणसं भरली होती. तुझा मुलगा दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन जाणार.’ तेव्हापासून मला झोप नाही. मुलगा म्हणतो, मी नाही गेलो तर दुसरा कोणी जाईलच. पाठवू की नको?
– एक आई, मांद्रे

उत्तर : ताई, शेजाऱ्यांनी सांगितलं ते खरं आहे. पण गोष्ट अर्धी ऐकली की राग भलत्याच माणसावर निघतो, म्हणून आधी पूर्ण सांगतो.

17 मार्च 2022. पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश कंपनीने आपल्या बोटी बंदरात थांबवून ठेवल्या आणि खलाशांना सांगितलं, एक घोषणा होणार आहे. घोषणा म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला जेमतेम तीन मिनिटांचा व्हिडिओ. तुमची नोकरी आज संपली, तुमच्या जागी एजन्सीची माणसं येतील, एवढंच त्यात होतं. 786 जण गेले. त्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्याच मार्गावर घालवलेली माणसं होती. काही बोटींवर त्यांना उतरवायला खासगी सुरक्षा रक्षक पाठवले. इंग्लंडच्या हल बंदरात एका कॅप्टनने गँगवे, म्हणजे बोटीत चढायची शिडी, वर घेतली आणि कोणालाच आत येऊ दिलं नाही.

आठवड्याने कंपनीचे मुख्य अधिकारी खासदारांसमोर बसले. नव्या माणसांना सरासरी तासाला साडेपाच पौंड मिळतात, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा ब्रिटनमध्ये किमान वेतन 8.91 पौंड होतं. बोटी सायप्रस, बहामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेल्या आणि मार्ग परदेशी बंदरांचे, त्यामुळे ते वेतन लागू होत नव्हतं. 2024 साली त्याच साहेबांना खासदारांनी विचारलं, तासाला 4.87 पौंडांवर तुम्ही जगू शकाल का? ते म्हणाले, नाही.

एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे यात घोळ होतो. गोव्यातल्या कितीतरी घरांत ‘आजोबा पी अँड ओवर होते’ असं अभिमानाने सांगतात. ते मोठ्या प्रवासी बोटींवर स्टुअर्ड होते. ती क्रूझवाली कंपनी आज कार्निव्हल नावाच्या कंपनीकडे आहे. ही फेऱ्यांची कंपनी वेगळी, ती दुबईच्या डीपी वर्ल्डची. नाव एकच असलं तरी घरं दोन.

हा प्रकार पी अँड ओ फेरीजने नव्याने शोधून काढलेला नाही. 2005 साली आयरिश फेरीजने 543 कामगारांच्या जागी पूर्व युरोपातली माणसं तासाला 3.60 युरोवर आणायचं ठरवलं. वेल्समधल्या पेम्ब्रोक बंदरात बोटीच्या इंजिनीयरांनी स्वतःला आत कोंडून घेतलं. डिसेंबरात डब्लिनसह आयर्लंडभर रस्त्यांवर लाखभर लोक उतरले. शेवटी निदान आयर्लंडचं किमान वेतन, 7.65 युरो, तरी द्यावं लागलं. पण माणसं बदललीच. 2021 साली तीच कंपनी इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हर–कॅले मार्गावर पी अँड ओच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी पी अँड ओने तोच रस्ता धरला. एकाने खलाशाचा पगार कापून तिकीट स्वस्त केलं की शेजारची कंपनीही खलाशाच्याच पगाराकडे बघते. डिझेलचा भाव किंवा बंदराचं भाडं कापणं तिच्या हातात नसतं.

आता माझं सांगतो. 1991 साली मी सेकंड कुक म्हणून रॉटरडॅमला एका मालवाहू बोटीवर चढलो. आम्ही अकरा जण एकदमच जॉइन झालो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. केबिनमध्ये बंकच्या वर एक कॅलेंडर सेलोटेपने लावलेलं होतं. निळ्या पेनाने एकेक दिवस खोडलेला, 9 तारखेपर्यंत. 23 तारखेला गोल केलेला आणि गोलात पोर्तुगीज वळणाचं एका मुलीचं नाव. पोरीचा वाढदिवस असणार. घरी जायची तारीख त्याने पुढच्या पानावर लिहून ठेवली होती, म्हणजे त्याला मध्येच उतरवलं होतं. त्याला माझ्या अडीचपट पगार होता, हे मला बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, नंतर सांगितलं. ते कॅलेंडर मी काढलं नाही. नऊ महिने त्याच्याखाली झोपलो.

तुमचा मुलगा म्हणतो तेच मी तेव्हा स्वतःला म्हणालो होतो, मी नाही तर दुसरा. ते खोटं नाही. घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. पण ताई, ऑफिसात बसून हा हिशेब मांडणाऱ्यांची सगळी भिस्त आपल्या त्याच एका वाक्यावर असते. पेडण्याचा मुलगा, मनिलाचा मुलगा, ओडेसाचा मुलगा, तिघेही आपापल्या घरी हेच म्हणतात आणि दर खाली येत जातो.

तरीही माझं उत्तर ‘पाठवा’ असंच आहे. पोटावर पाय त्याने दिलेला नाही. ज्यांनी दिला त्यांनी डोव्हर बघितलंही नसेल. तुमच्या मुलाला गुन्हेगार ठरवून त्या 786 जणांना काही परत मिळत नाही. फक्त तो डोळे मिटून जाऊ नये.

अ‍ॅग्रीमेंट हातात येईपर्यंत पासपोर्ट एजंटाकडे ठेवू देऊ नका. एजंटाकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरती करायचं) लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर नंबर घालून बघा. जो नोकरी लावून देण्याचे पैसे मागतो तो बेकायदा वागतो. सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंद-पुस्तक), पासपोर्ट, मेडिकल, एवढाच खर्च मुलाचा. ‘प्रोसेसिंग’ म्हणून दीड-दोन लाख मोजून, घरचं सोनं गहाण ठेवून गेलेली मुलं मी बघितली आहेत. चार महिने संपतात तेव्हा ती फक्त एजंटाचं देणं फेडून परत आलेली असतात.

मग कागदावर महिन्याचा आकडा बघू नका, तासाचा दर काढा. त्या फेऱ्यांवर एजन्सीची माणसं रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, सलग सतरा आठवड्यांपर्यंत काम करत होती, हे उघडकीस आलेलं आहे. महिन्याच्या आकड्याला 360 ने भागलं की खरा दर समोर येतो. त्या 786 जणांच्या गोंधळानंतर दोन्ही देशांनी कायदे केले. ब्रिटनच्या बंदरात वर्षाला किमान 120 वेळा लागणाऱ्या बोटीवरच्या माणसाला ब्रिटनच्या हद्दीतल्या समुद्रातल्या वेळेपुरता तिथल्या किमान वेतनाइतका पगार द्यावा लागतो, डिसेंबर 2024 पासून. एप्रिल 2025 पासून तिथला मोठ्या माणसाचा दर 12.21 पौंड होता. फ्रान्सच्या कायद्याने तर बोटीवर जितके दिवस, तितकीच विश्रांती असं बंधन घातलंय. ‘चार महिने सलग’ असं अ‍ॅग्रीमेंटवर असेल तर मुलाला सही करण्याआधी विचारायला सांगा : हे कुठल्या मार्गावर, आणि कुठल्या नियमाने? विचारल्यामुळे कॉल गेला, तर तो गेलेलाच बरा.

आणि बोटीवर कोणी युनियनचा माणूस आला तर त्याला टाळू नकोस, असं त्याला बजावा. आपल्या मुलांना वाटतं, बोललो तर पुढचा कॉल येणार नाही. त्या भीतीने मी सव्वीस वर्षं गप्प राहिलो, त्याचं मला आज वाईट वाटतं.

प्रश्न : पी अँड ओ फेरीज कंपनीने कायदा मोडल्याचं संसदेत कबूल केलं, असं वाचलं. मग शिक्षा कशी नाही झाली?
– बी.ए.चा विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : शंभरावर माणसं कमी करायची तर ब्रिटनमध्ये युनियनशी आधी किमान 45 दिवस चर्चा करावी लागते. ‘युनियनने हे मान्यच केलं नसतं, म्हणून आम्ही चर्चा केली नाही’, असं साहेबांनी 24 मार्च 2022 ला सांगितलं. पण ती चर्चा चुकवणं हा फौजदारी गुन्हा नाही, त्याची भरपाई पैशांत होते. कंपनीने ती रक्कम आधीच हिशेबात धरून पॅकेज पुढे केलं आणि घरखर्च थांबलेल्या माणसांनी सह्या केल्या. एकाच माणसाने सही न करता दावा लावला. तो बोटीवरचा शेफ होता, हे वाचून माझी छाती भरून आली. फौजदारी तपासही झाला, पण ऑगस्ट 2022 मध्ये सरकारी यंत्रणेने खटला न भरण्याचा निर्णय घेतला. शिक्षेपेक्षा कायदा मोडणं स्वस्त पडलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

एक गोष्ट मात्र पैशांनी सुटली नाही. नव्या माणसांना घेऊन निघायची तयारी केल्यावर युरोपियन कॉजवे ही बोट सरकारी तपासनीसांनी उत्तर आयर्लंडच्या लार्न बंदरात अडवली, कारण खलाशांना बोटीची नीट ओळख नव्हती. मग डोव्हरला प्राइड ऑफ केंट अडवली. मी रोज चोडणच्या फेरीने जातो. भरतीच्या वेळी धक्क्याला लागताना दोर हातात घेऊन उभा असलेला माणूस पाण्याकडे बघत नाही, तो पायाखालच्या पत्र्याच्या थरथरीवरून ओळखतो की आता दोर टाकायचा. ती ओळख एका आठवड्यात होत नाही.

प्रश्न : मांडवीत पर्यटकांना फिरवणाऱ्या लाँचवर मी अकरा वर्षं आहे. मालकाने आम्हा चौदा जणांना बोलावून सांगितलं, राजीनामा लिहून द्या आणि एक तारखेपासून कंत्राटदाराकडे जॉइन व्हा. पगार बावीसचा पंधरा हजार. नाहीतर बाहेरची पोरं तयार आहेत, आणि ती रोज धक्क्यावर येऊन बसतातही. काय करावं?
– एक खलाशी, बेती

उत्तर : बाबा, राजीनाम्यावर सही करू नकोस. बाकी सगळं नंतर.

मालकाला कामगार कमी करायचे असतील तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तू स्वतःहून राजीनामा दिलास की ही भरपाई गेली. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, पाच वर्षांवर नोकरी झालीय तुझी, पण मालक बहुतेक तेवढंच देऊन ‘सगळं दिलं’ म्हणेल. कोणी आधीच सही केली असेल तर त्याने आजच लेखी कळवावं की ती दबावाखाली घेतली, आणि पोच घ्यावी. चौदाही जणांनी मिळून पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या. एकटा गेलास तर तू ‘तक्रारखोर’ ठरशील.

धक्क्यावर बसलेल्या पोरांवर हात उचलायचं कोणाच्या डोक्यात असेल तर त्याला वरचं मांद्र्याचं पत्र वाचून दाखव. त्या पत्रातला मुलगा डोव्हरच्या धक्क्यावर जो असेल, तोच हा इथे बसलाय. जमलं तर त्याला विचार, कंत्राटदाराने त्याच्याकडून किती घेतले. तुमच्या अर्जात त्याचं उत्तर उपयोगी पडेल.

शनिवारी दहा वाजता मी रायबंदरच्या धक्क्यावर असतो. पगाराच्या पावत्या, पीएफचा नंबर, हजेरीचे फोटो, जे असेल ते घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पावसाचे दिवस आहेत.