कराराचा मसुदा हातात आल्यावर

सोलापूर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेत वैमानिक आहेस त्या विमान कंपनीचा वैमानिकांशी प्रस्तावित करार आणि युनियननं काढलेला सारांश, दोन्ही वाचले. मतदानात होकार द्यावा की नकार, असं तू विचारलंस. सारांश आधी बाजूला ठेव. तो वाटाघाटीला बसलेल्यांनीच लिहिलेला असतो, आणि सही करून आलेल्या माणसाला आपलं काम चांगलंच दिसतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. कामगार कोर्टातल्या माझ्या सगळ्या वकिलीत करारांची पत्रकं अशीच पाहिली: वाढीचा आकडा वर ठळक, कामाच्या अटी खाली बारीक.

जून २०२५ पासून होटगी रोडवरून गोव्याला विमान उडू लागलं, तेव्हापासून तुझ्या आईला जो तो विचारतो, पोरीला पगार किती? तासाला नव्वद डॉलर म्हटलं की समोरचा आठ तास, सव्वीस दिवस असा गुणाकार करून मोकळा. तुला माहीत आहे की तुमचा तास तसा नसतो. विमान गेटवरून हललं की पैसे सुरू, पुढच्या गेटला लागलं की बंद. मधे तीन तास विमानतळावर बसलीस तर ते तुझे, कंपनीचे नव्हेत. म्हणून महिन्याची किमान हमीच बहुतेक ठिकाणी पंचाहत्तर तासांच्या आसपास असते.

आपल्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांचं असंच आहे. मजुरी ठरते हजार विड्यांमागे, पण माल जमा करताना किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, त्यावर हातात काय पडणार ते ठरतं. दर वाढवला आणि छाट कडक केली की वाढ तिथल्या तिथे जिरते. त्या बायका दराआधी मोजणीबद्दल भांडतात, ते उगाच नाही.

तुझ्या करारातली मोजणी म्हणजे ‘मिनिमम डे’ आणि ‘ट्रिप रिग’. समज, चार दिवसांची ट्रिप आहे आणि उड्डाण मिळालं फक्त चौदा तास. दर अठ्ठ्याण्णव डॉलर असेल आणि दिवसाची किमान हमी नसेल, तर १,३७२ डॉलर. दर नव्वदच, पण दिवसाला किमान पाच तास मोजायची अट असेल, तर वीस तासांचे १,८०० डॉलर. कमी दराच्या करारात जास्त पैसे. ट्रिप रिगचं कामही तेच: तळ, म्हणजे तुझी ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या दर चार तासांमागे एक तास पगारी, अशी अट असली की ऐंशी तास बाहेर राहिलीस तरी वीस तास सुटतात. शिवाय अशी अट असली की लांब, रिकाम्या ट्रिपा बनवणं कंपनीलाच महाग पडतं आणि शेड्यूल आपोआप सुधारतं. पैशापेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो. उड्डाण रद्द झालं तर ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात का, तेही याच प्रकरणात शोध.

यानंतर रिझर्व्हचं, म्हणजे ठरलेलं उड्डाण नसताना फोनची वाट पाहत तयार राहायच्या दिवसांचं, प्रकरण वाच. तू ज्युनिअर आहेस, पुढची काही वर्षं बहुधा याच प्रकरणात जगणार आहेस. फोन आल्यावर किती वेळात हजर व्हायचं? महिन्याला सुट्ट्या किती, आणि त्यातल्या कितींना कंपनी हात लावू शकत नाही? तू राहतेस एका शहरात, तळ दुसऱ्या; मग ‘लाँग कॉल’, म्हणजे हजर व्हायला जास्त वेळ देणारा रिझर्व्ह, किती जणांना मिळतो? अकराऐवजी बारा सुट्ट्या म्हणजे वर्षाला बारा रात्री आपल्या अंथरुणात. दरपत्रकात हा आकडा कुठेच दिसत नाही.

कायद्यात आधीच असलेली गोष्ट करारात ‘मिळवली’ म्हणून दाखवली असेल, तर त्यावर सरळ काट मार. कामाआधी दहा तासांची विश्रांती, त्यात आठ तास झोपेची सोय, आठवड्यात सलग तीस तास मोकळे, हे अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून नियमानंच आहे. त्यामागचा इतिहास तू शिकलीच असशील: १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यातली को-पायलट रात्रभर सिएटलहून प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. नियम त्यानंतर बदलले. पण ‘मी थकले आहे, उडवू शकत नाही’ असं सांगितल्यावर त्या दिवसाचे पैसे कापायचे की नाही, हे करारच ठरवतो. पैसे कापले जाणार असतील तर महिनाअखेरीला कोण तोंड उघडणार? ते कलम तुझ्या मसुद्यात मला गुळमुळीत वाटलं. युनियनच्या बैठकीत नेमका हाच प्रश्न विचार.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. टेबलापलीकडे तुझी कंपनी बसली आहे, पण खरा पैसा तिचा नाही. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट तिनं विकलेलं, आणि तुमच्या कंपनीला उड्डाण करून दिल्याबद्दल ठरलेले पैसे. आपल्या कायद्याच्या भाषेत ती मूळ मालक आणि तुमची कंपनी कंत्राटदार. कंत्राटदार म्हणतो, माझ्या हातात काही नाही, आणि ते अर्धं खरंही असतं. यातून एका कंत्राटदाराच्या वैमानिकांना दुसऱ्याच्या वैमानिकांवर घालायचा खेळ सुरू होतो. २०१३ मध्ये पीएसए या अशाच एका कंत्राटदार विमान कंपनीच्या वैमानिकांनी सवलती देणारा करार मान्य केला आणि नवी विमानं तिकडे गेली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकन ईगलच्या, म्हणजे आजच्या एन्व्हॉयच्या, वैमानिकांनी तसा करार मोठ्या बहुमतानं फेटाळला, तेव्हा त्यांना ताफा कमी होण्याचा इशारा मिळाला. दोन्ही कंपन्यांचा मालक एकच, अमेरिकन एअरलाइन्स! डेल्टाच्या मालकीच्या कॉमेअरच्या वैमानिकांनी २००१ मध्ये एकोणनव्वद दिवस संप करून चांगला करार मिळवला. २०१२ मध्ये डेल्टानं ती कंपनीच बंद केली. संपामुळेच बंद पडली असं मी म्हणणार नाही, पन्नास आसनी जेट तोवर परवडेनाशी झाली होती. पण कितीही चांगला करार असला तरी विमानं कोणाकडे द्यायची हे त्यात लिहिलेलं नसतं, एवढं ध्यानात ठेव.

म्हणूनच ‘फ्लो’चं आश्वासन तपास. मोठ्या कंपनीत जायची हमी दिली आहे, पण त्या कागदावर मोठ्या कंपनीची सही आहे का? नसेल तर तुझी कंपनी दुसऱ्याच्या घरातली खोली तुला देते आहे.

‘नाही’ म्हटल्यावर काय होईल, याचाही हिशोब मांड. तुमचे करार १९२६ च्या रेल्वे लेबर कायद्याखाली येतात. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्यात कराराची मुदत संपली तरी करार संपत नाही, जुन्या अटी चालू राहतात. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थ मंडळानं हात टेकले पाहिजेत, मग तीस दिवस थांबायचं. मंडळानं हात कधी टेकावे याला मुदत नाही. म्हणजे नकार दिलात तर कदाचित वर्ष-दोन वर्षं जुन्या दरानं उडत राहाल. पण त्याच न्यायानं आज पदरात घेतलेलं वाईट कलमही मुदतीच्या पुढे कितीतरी वर्षं चिकटून राहील. होकाराच्या बाजूचे लोक पहिलं सांगतात, नकाराच्या बाजूचे दुसरं. दोघंही खरं बोलतात.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. नियम चांगले आणि दर थोडा कमी असेल तर मी घेईन. दर भरपूर आणि रिझर्व्हचे नियम जुनेच असतील तर परत पाठवीन. कारण दराला बाजार हलवतो. जून २०२२ मध्ये वैमानिक मिळेनात, तेव्हा एन्व्हॉय, पीएसए आणि तशीच तिसरी कंपनी पीडमॉन्ट यांनी कराराच्या मधेच पगार एकदम वाढवले, नव्या को-पायलटला तासाला नव्वद डॉलर दिले. माणसं हवी असली की कंपनी पैसे घेऊन स्वतः दारात येते. सुट्ट्या आणि विश्रांतीचे नियम घेऊन ती क्वचितच येते. ते टेबलावरच मिळवावे लागतात. (बोनस मात्र दरात धरू नकोस. सोडून गेलीस तर तो परत करायचा का, किती महिन्यांपर्यंत, ते कलम बोनसच्या प्रकरणात न ठेवता मागे कुठेतरी ठेवलेलं असतं.)

माझ्या मताला फार वजन देऊ नकोस, मी कॉकपिट आतून पाहिलेलं नाही. तू दोन-तीन वर्षांत पुढे जाणार असशील तर तुझं गणित वेगळं, आणि तिथेच निवृत्त होणाऱ्या कॅप्टनचं वेगळं. मतदानात मात्र दोघांचं मत एकेकच.

तुझी मागच्या तीन महिन्यांची शेड्यूल काढ. प्रत्येक ट्रिप, प्रत्येक रिझर्व्हचा दिवस, प्रत्येक रद्द झालेलं उड्डाण आधी जुन्या करारानं मोज, मग नव्या. जानेवारी नक्की घे, बर्फात किती उड्डाणं रद्द होतात ते तूच सांगितलं होतंस. फरकाचा आकडा मला पाठव. आणि मसुद्यात दोन ‘साइड लेटर’चा, म्हणजे कराराबरोबरच्या वेगळ्या पत्रांचा, उल्लेख आहे, पण ती जोडलेली नाहीत, ती युनियनकडून लेखी मागव. ती वाचल्याशिवाय मत देऊ नकोस.

तुझा,
वकीलकाका