वडिलांना पहिल्यांदाच सिंफनी ऐकायला नेतोय. आधी त्यांना काय काय समजावून सांगू?

माझं ऐकाल तर जवळजवळ काहीच सांगू नका. तुम्ही लिहिलंय की कार्यक्रमात चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली अनेक भागांची मोठी रचना) आहे, वडिलांनी वाद्यवृंद कधी समोर बसून ऐकलेला नाही आणि ते कंटाळतील अशी तुम्हाला धास्ती आहे. मुलं मोठी झाली की आईवडिलांची शिकवणी घ्यायला फार उत्सुक असतात. आधी व्हिडिओ पाठवायचे, मग कानात कुजबुजायचं आणि बाहेर पडताच ‘आवडलं का?’ अशी तोंडी परीक्षा. त्या धाकात कोण मोकळेपणाने ऐकणार?

मी आईला नेलं होतं, याच सिंफनीला. तिला फक्त एवढंच सांगितलं की चार भाग आहेत, साधारण पाऊण तास चालेल आणि झांजवाल्यावर लक्ष ठेव. पूर्ण सिंफनीत झांज एकदाच वाजते, चौथ्या भागात, आणि तीही फार जोरात नाही. तो माणूस उठून उभा राहिला तशी आईने मला कोपरखळी मारली. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, ‘त्याला पगार इतरांएवढाच का गं?’ मग ट्यूबा हे अवजड पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्याचा विषय निघाला, कारण त्यालाही फक्त दुसऱ्याच भागात काम आहे. सुरांविषयी आम्ही बोललो, पण ते नंतर आणि आपोआप.

त्यामुळे जागा निवडताना अगदी पुढची रांग नको. तिथून चारदोन व्हायोलिनवाले सोडले तर कोणी दिसत नाही. जरा उंचावरची घ्या, म्हणजे मागची फुंकवाद्यं आणि तालवाद्यंही दिसतील. गुडघे कुरकुरत असतील तर कडेची खुर्ची. वेळेआधी पोचा. उशीर झाला तर दोन भागांच्या मधल्या थांब्यापर्यंत किंवा पहिली रचना संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागतं, शिवाय सुरुवातीला ओबो या फुंकवाद्याच्या एका सुरावर सगळे वाद्यं लावतात तेही हुकतं.

वडील श्रवणयंत्र वापरतात का? मग हे आधी बघा. ही यंत्रं मुळात बोलणं नीट ऐकू यावं म्हणून जुळवलेली असतात, त्यामुळे लांबलेला सूर काही वेळा गोंगाट समजून दाबला जातो किंवा थरथरता ऐकू येतो. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते. यंत्र देणाऱ्या तज्ज्ञाकडून ती आधीच सुरू करून घ्या. कार्यक्रमाआधी एखादं पुस्तक वाचून जाण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

टाळ्यांचं म्हणाल, तर भागांच्या मधे वाजवत नाहीत आणि चुकून वाजवल्या तर आभाळ कोसळत नाही. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याची सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्याचं खुशीत कळवलंय. म्हणजे गप्प बसण्याचा नियम काही अनादी नाही. या सिंफनीत मात्र दोन जागा फसव्या आहेत. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्यावर येणारी ती संथ धून शेवटाकडे मोजक्या तंतुवाद्यांवर येते आणि मधेमधे तुटते, तेव्हा भाग संपला असं वाटतं. आणि अगदी शेवटचा सूर दणक्यात संपत नाही, विरत जातो. वाद्यवृंद चालवणाऱ्याचे हात खाली येईपर्यंत थांबायचं, बस.

त्या संथ भागात वडिलांना डुलकी लागली तर लागू द्या. घोरायला लागले तरच हलवा. चौथ्या भागाच्या सुरुवातीला ते आपसूक जागे होतील, त्याची काळजी द्वोर्झाकने घेतलेली आहे.