जिल्हा रुग्णालयातली कायम नोकरी सोडून इंग्लंडला यावं का?

ताई, तुम्ही विचारलंत की बारा वर्षांची स्टाफ नर्सची कायम नोकरी सोडून एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, यावं का, आणि पैशांसाठी आलं तर पेशंटबद्दलची तळमळ टिकते का. मी पालिकेच्या रुग्णालयातून 2019 मध्ये इथे आले.

आधी पगार. 2025-26 मध्ये बँड 5 ची, म्हणजे नोंदणी झालेल्या नर्सच्या पहिल्या वेतनश्रेणीची, सुरुवात वर्षाला 31,049 पौंड. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी कापून महिन्याला हातात दोन हजारांच्या आसपास पडतात. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन इथे नर्स म्हणून नोंदणी होईपर्यंत खालच्या बँडचाच पगार. नाइट आणि शनिवारला 30 टक्के जादा, रविवारला 60. माझे जवळजवळ निम्मे पैसे घरभाड्यात जातात, त्यामुळे पौंडाचे रुपये करून हुरळून जाऊ नका.

आता तळमळ. 15 डिसेंबर 2022 ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचा संप झाला. 1916 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचा इंग्लंडमधला हा पहिलाच. मागणी पगाराचीच होती, महागाईपेक्षा पाच टक्के जास्त. पण केमो, डायलिसिस, आयसीयू संपातून वगळले होते. कडाक्याच्या थंडीत फाटकाशी माझ्या शेजारी तीस वर्षं नोकरी झालेल्या एक सिस्टर फलक घेऊन उभ्या होत्या. मधूनच वॉर्डात फोन लावायच्या: चौदा नंबरचे आजोबा जेवले का? पुढे मार्च 2023 मध्ये आपल्याकडे जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा माझ्या मैत्रिणींना नातेवाइकांनी ऐकवलं की यांना सेवा नको, पैसाच हवा. मला हे अजिबात पटत नाही. हक्काचा पगार मागितला म्हणून कुणाची माया आटत नाही. उलट 'सेवा आहे' म्हणत पगार आणि पदं दोन्ही दाबून ठेवली जातात.

मी तिकडे थकले ती पगारामुळे नाही. रात्री एकटीकडे चाळीस पेशंट, सलाईन संपलं म्हणून चहूकडून हाका, आणि घाबरलेल्या बाईजवळ दोन मिनिटं बसायला सवड नाही. इथे माझ्याकडे आठ-दहा असतात. तेही जास्तच वाटतात, पण बसता येतं.

राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मिळते का, ते कार्यालयात लेखी विचारा. आणि इथल्या मुलाखतीत पगाराइतकंच ठामपणे विचारा: नाइटला एका नर्सकडे किती पेशंट? उत्तर टाळलं, तर दुसरं रुग्णालय बघा.