वडील कुठे लढले, हे कसं शोधावं?

प्रश्न : माझे वडील तोफखान्यात हवालदार होते, १९७१ च्या युद्धात होते. गेल्या वर्षी ते गेले. आई म्हणते बांगलादेशात लढले, काका म्हणतात राजस्थान सीमेवर. घरात दोन मेडल, डिस्चार्ज बुक, आईला आलेली पत्रं आणि मनिऑर्डरचे कागद आहेत. वर्षश्राद्धाला नातवंडांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे. मेडल काळी पडलीत, ब्रासोने घासू का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : ब्रासो नकोच. घासल्याने उठावाची अक्षरं झिजतात, पॉलिश खाचांत पांढरं साचतं आणि रिबनला डाग पडतो तो जात नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, बस्स. काळेपणा राहू द्या, तोही त्यांच्या सेवेचाच भाग आहे.

आता मेडलवरचं नाव वाचा. पूर्व आघाडीसाठी ‘पूर्वी स्टार’, पश्चिमेसाठी ‘पश्चिमी स्टार’ होता. संग्राम मेडल मात्र बऱ्याच मोठ्या वर्गाला मिळालं, त्यावरून आघाडी ठरत नाही. दुसरा पुरावा पत्रांवर आहे : पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘५६ ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर युनिट पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे, ‘९९ ए.पी.ओ.’ असेल तर पूर्वेकडे. युद्ध ३ ते १६ डिसेंबर पूर्वेत चाललं, पश्चिमेत १७ ला थांबलं. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीतली पत्रं आधी वेगळी काढा. तारीख पुसट असेल तर टपालाचा शिक्का तिरक्या उजेडात धरून पाहा.

डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, युनिट, हुद्दे, मेडल, कुटुंबाची नोंद मिळते. तरीही शंका उरली तर आर्टिलरी रेकॉर्ड्सला, म्हणजे तोफखान्यातल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला लिहा. ते नाशिकरोड कॅम्पलाच आहे, ही तुमची मोठी सोय. अर्ज आईच्या नावाने करा. सेवा क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, निवृत्तीची तारीख लिहून मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. सेवा क्रमांक चुकला की सगळं अडतं, म्हणून तो पीपीओशी, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी ताडून घ्या. हाताशीच आहे तर आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का तेही बघा. जुन्या नोंदीत माहेरचं नाव किंवा अंदाजे वय राहून जातं आणि कुटुंब पेन्शनला अडचण येते. दुरुस्ती रेकॉर्ड्समध्ये पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे लष्कराच्या अधिकृत नोंद-आदेशाने होते. त्याचा अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

पत्रं लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका : गोंद पिवळा पडून शाई खातो. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा, पावसाळ्यात त्यांचा गंज कागदात उतरतो. पत्र ३०० आणि फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच, म्हणजे पुसट शाई आणि डाग वेगळे ओळखता येतात. फोटोमागे नावं बॉलपेनने नको, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा.

पुस्तिकेत युद्धाला चार पानं पुरेत. मनिऑर्डरच्या कागदातला निरोपाचा तुकडा घेणाऱ्याकडे राहायचा. तो नीट वाचा. कुठल्या महिन्यात रक्कम वाढली? फी, विहीर, बहिणीचं लग्न? त्या रकमा तारखेवार मांडल्या तर दूर राहून घर कसं चालवलं ते दिसतं, आणि आमच्या मते हेच या पुस्तिकेचं खरं काम आहे. आईशी बोलताना फोन रेकॉर्डिंगला ठेवा, एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नको. ‘युद्धात काय झालं’ असं विचारू नका. रजेवर आले की पिशवीत काय असायचं, पहिल्या दिवशी काय करायचे, असं विचारा. आईचं सांगणं आणि काकांचं सांगणं त्यांच्या-त्यांच्या नावाने वेगळं छापा, कागदांशी जुळलं नाही तरी.